दोरीखालची वई

एक राजा होता. सगळ्या गोष्टींत असतो तसा याही गोष्टीत आहे, त्याला माझा इलाज नाही. रेणू, पाय पांघरुणात घे.

या राजाला सगळं सरळ लागायचं. मिशा सरळ, रस्ते सरळ, पगडीचा पीळसुद्धा सरळ. एक लांबच लांब दोरी घेऊन तो फिरायचा आणि दिसेल त्याला लावून बघायचा. हसू नका, असतात अशी माणसं.

त्याच्या गावाभोवती एक वई होती. वई म्हणजे झाडाझुडपांचं जिवंत कुंपण, बरं का. करवंद, तोरण, निर्गुडी, मध्ये सागरगोट्याचे काटे आणि वरून गुळवेल. ती राखायचे कोंडाबाई आणि तिचा नवरा राघोजी. त्यांची रीत ठरलेली. दिवाळी झाली की छाटणी, तीही एका वर्षी एकाच बाजूची. चैत्र लागला की कोयता खुंटीला, कारण तेव्हा पाखरं अंड्यांवर बसतात. आणि बुडाशी वीतभर फट ठेवायची, मुंगसाला जायला-यायला.

राघोजी पहाटेच वईवर जायचा. भूक लागली की तिथून शीळ घालायचा, दोन लहान आणि एक लांब. मग कोंडाबाई भाकरी बांधता बांधता ओरडायची, "ऐकलं, ऐकलं! बहिरी नाही मी!"

मग एका वर्षी राघोजी गेला. कुठे गेला काय, सारंग? वारला. गोष्टीतही वारतात माणसं. पुढे ऐक.

पंधरा दिवसांनी सकाळी वईतून शीळ आली. दोन लहान, एक लांब. तिथे हरेवा राहायचा. हिरवागार पक्षी, पानांत बसला की पानच होऊन जातो, आणि दुसऱ्यांचे आवाज हुबेहूब काढतो. राघोजीची शीळ त्यानं केव्हाच उचलली होती. कोंडाबाईच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. मग ती ओरडली, "ऐकलं, ऐकलं! बहिरी नाही मी!" आणि तिनं चूल पेटवली. तेव्हापासून रोज असंच.

आता राजाचं ऐका. त्याच्याकडे पाहुणा राजा यायचा होता. आपल्या राजानं वईला दोरी लावली. वई वाकडी! कापा म्हणाला. महिना कोणता? चैत्र. कोंडाबाई धावत गेली.

"महाराज, पाखरं अंड्यांवर आहेत. दिवाळीनंतर कापा."

"पाहुणे काय दिवाळीपर्यंत थांबणारेत?" राजा म्हणाला, आणि वई मुळासकट काढली.

दुसऱ्या दिवशी शीळ आली नाही. कोंडाबाई त्या दिवशी उशिरा उठली. बस, एवढंच झालं.

राजानं वईच्या जागी भिंत बांधली, सरळसोट. मग उंदीर आले. त्यांनी आधी धान्य खाल्लं आणि मग राजाची पगडी खाल्ली. राजानं दवंडी पिटली, मुंगसानं ताबडतोब हजर व्हावं! मुंगूस डोंगरावरून आलं.

"राहू कुठे?"

"महालात ये. गादी देतो."

"गादीत बीळ करू का?" मुंगूस म्हणालं आणि आल्या वाटेनं परत गेलं.

मग राजानं भिंत पाडली आणि समुद्रापलीकडून एक शोभेचं झुडूप आणलं. ना काटा, ना फळ, वाढ मात्र अगदी सरळ. मधमाशा आल्या, फुलांत डोकावल्या, म्हणाल्या, "या घरात चूलच पेटत नाही," आणि निघून गेल्या. त्या वर्षी भोपळ्याच्या वेलांना फुलंच फुलं, भोपळा एक नाही. राजानं काय करावं? वेलांना हुकूम सोडला! खरंच सांगते. वेलासमोर उभं राहून शिपायानं हुकूम वाचला.

तिसऱ्या खेपेला राजा म्हणाला, बरं, तुमची जुनी वईच घ्या, पण शुक्रवारपर्यंत. मग लोकांनी डोंगरावरची करवंदं उपटून आणली आणि दोरी धरून रांगेत रोवली. सोमवारी सगळी वाळून काडी. म्हणजे गावची वई गेली ती गेलीच, वर डोंगरही उघडा केला. काय म्हणावं या माणसाला!

तेव्हा कुठे राजा कोंडाबाईच्या दारात आला.

"वई यायला किती दिवस लागतील?"

"दिवस नाही, महाराज. सात पावसाळे."

"लवकर नाही का होणार?"

"लवकर हवी होती, तर कापायची नव्हती."

राजा हातातली दोरी गुंडाळायला लागला. 

कोंडाबाई म्हणाली, "ती दोरी इकडे द्या." गावाभोवती जुन्या जागी तिनं खांब रोवले आणि त्यांच्यावर राजाची दोरी बांधली. कशाला? अरे, पाखरांना बसायला! तिच्या गोठ्यामागे करवंदाची एक जाळी राजाच्या नजरेतून सुटली होती. बुलबुल तिथली करवंदं खायचे, दोरीवर येऊन बसायचे, आणि मग... हो, तेच करायचे. नाक मुरडू नकोस. त्यातूनच बी पडतं. परदेशी झुडपाचे कोंब राजानं स्वतः उपटायचे, अशी अट होती. राजा उपटायचा आणि रोज विचारायचा, "आली का वई?" ती रोज म्हणायची, "नाही." सात वर्षं, बरं का! तिचा जीव किती विटला असेल.

दोरी होती सरळ, पण पावसाचं पाणी कुठे सरळ वाहतं? बी इकडे गेलं, तिकडे गेलं. वई उगवली ती वाकडीच.

"वाकडी आहे," राजा म्हणाला.

"जिवंत आहे," कोंडाबाई म्हणाली.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर मुंगूस आलं. पाचव्यानंतर मधमाशा आल्या आणि भोपळे लागले. हरेवा काही आला नाही.  कोंडाबाई सकाळी चूल पेटवायची, भाकरी करायची आणि वईवर जायची.

सातव्या पावसाळ्यानंतर दिवाळी झाली, थंडी सरली. एका सकाळी राजा नेहमीसारखा दारात आला. "आली का..." म्हणणार, तेवढ्यात वईतून शीळ आली. दोन लहान, एक लांब.

कोंडाबाईचा हात परातीत थांबला. पुन्हा शीळ आली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि जोरात ओरडली, "ऐकलं, ऐकलं! किती वर्षं लावलीत! बहिरी नाही मी!"

 चैत्र लागला होता. राजानं कोपऱ्यातला कोयता उचलला आणि आपल्या हातानं खुंटीला टांगला.

मग मुंगूस सुखात राहिलं, मधमाशा सुखात राहिल्या, आणि राजा वाकडी पगडी घालून सुखात राहिला.

काय, रेणू? तो हरेवा तर नवा होता, त्यानं राघोजीला पाहिलंसुद्धा नव्हतं, मग शीळ कुठून शिकला? अगं, त्याच्या आईबापांकडून. आणि ते त्यांच्या आईबापांकडून. दुसरं कुठून शिकतात?

गोष्ट गेली वईत, आता तुम्ही जा झोपेत. आणि सारंग, पुन्हा पाणी मागितलंस तर बघ.