दवंडीच्या धोंड्यावरचे तीन वार

आलात? चपला काढून बसा. मास्तरांनी गळ घातली म्हणून सांगतोय, नाहीतर माझे गुडघे काही तुमच्यासाठी इथवर चढत नाहीत. फोटो नंतर काढा. आधी ऐका.

हा दवंडीचा धोंडा. यावर तीन खाचा आहेत, बोटं घालून बघा. पावसापाण्यानं पडलेल्या नाहीत.

समोरच्या गडावर एक किल्लेदार होता म्हणे. त्याच्या वेठबिगारीला कंटाळून अख्खं कासारखिंड गाव कड्यामागच्या रानात पळालं. किल्लेदारानं दवंडीवाल्या धारनाकाला बोलावलं. "सांग त्यांना, कौल दिला. खाली या, केसाला धक्का लागणार नाही." कौल म्हणजे सरकारचं अभयवचन. वीस वर्षांत धारनाकाची एकही दवंडी खोटी निघाली नव्हती. त्यानं हलगी वाजवली, सांगून टाकलं. शहानिशा काही केली नाही. तिथंच चुकला.

चाळीस माणसं उतरली. धारनाकाच्या आवाजावर उतरली, किल्लेदाराच्या नव्हे. धोंड्यापाशी जमली आणि स्वारांनी चहूबाजूंनी घोडी घातली. म्हातारी माणसं भाल्यावर घेतली, पळणाऱ्यांच्या पाठी फाडल्या. धारनाकाची बहीण कोंडाई लेकरू पोटाशी धरून त्याच्याकडं धावली. "दादा, तू म्हणालास ना रे!" एवढंच बोलली. पुढच्या क्षणी मुंडकं एकीकडं, धड एकीकडं. असं सांगतात.

निम्मं गाव अजून वरच होतं. कड्यामागून इथलं दिसत नाही, किंकाळीही पोचत नाही. हलगी पोचते, आणि धारनाकाचा गळा पोचायचा. किल्लेदार म्हणाला, "परत दे दवंडी. तुझं ऐकतात ते."

धारनाक धोंड्यावर चढला. "ऐका हो ऐका! किल्लेदार म्हणतो, कौल आहे, खाली या. हे त्याचं बोलणं. आता मी पाहिलं ते ऐका. कौलावर आलेल्या चाळीसांचे मुडदे माझ्या पायाशी पडलेत!"

किल्लेदारानं त्याचा उजवा हात धोंड्यावर दाबून तोडला. त्यानं डाव्या हातानं हलगी बडवली. डावा तोडला. तरी ओरडतच होता, तेव्हा मान तोडली. वरचं एकही माणूस उतरलं नाही. घाटापलीकडं गेले ते जगले, पुढं परत येऊन इथंच वसले. आम्ही त्यांचीच पोरं.

आजही कासारखिंडीत कागद तलाठ्याचा असो की मंत्र्याचा, दवंडीवाला हलगीवर दोनदा थाप मारतो. पहिलीला कागदातलं जसंच्या तसं सांगतो, पदरचा एक शब्द घालत नाही. दुसरीला स्वतः काय पाहिलं ते सांगतो. पाहिलं नसेल तर तेही सांगतो. अठ्ठेचाळीस वर्षं मी हेच केलं.

गेल्या चैत्रात कागद आला, टाकीचं पाणी पिण्याजोगं आहे. मी सांगितलं. टाकीवर चढून बघून आलो होतो, तेही सांगितलं: आत वानर मरून फुगलंय. उपसरपंचानं गावासमोर माझ्या कानफटात मारली, खोटारडा म्हणाला. तिसऱ्या दिवशी टाकी उपसली, तेव्हा ते वानर सगळ्या गावानं पाहिलं. माफी त्यानं अजून मागितलेली नाही. लिहून घ्या त्या उपसरपंचाचं नाव: दौलत शिवराम घोलकर.