आकड्यापुढची पुसलेली टीप

दूध संघाच्या डेटाबेसच्या सेटिंग फाइलमध्ये हर्षला ढोलेनं प्रत्येक आकड्यापुढे टीप लिहिली होती: हा मिलिसेकंदांत, तो मेगाबाइटमध्ये. नवे विभागप्रमुख राजोपाध्ये ते बघून खेकसले, "हा कसला कचरा? नुसता आकडा ज्याला कळत नाही, त्यानं इथे कामच करू नये!" आणि सगळ्या टिपा त्यांनी पुसून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी फाइलमध्ये जोडणीसाठी थांबायची मुदत तीस हजार दिसली. होते मिलिसेकंद, पण ते सेकंद समजून, 'इतका वेळ कशाला?' म्हणत साहेबांनी स्वतःच तीस केले. आता पापणी लवायच्या आत डेटाबेस जोडणी तोडू लागला. संकलन केंद्रं ठप्प झाली, दुधाचे कॅन उन्हात तापत राहिले, आणि साहेब चारचौघांत घसरले ते हर्षलावर!

तेवढ्यात संघाच्या अध्यक्षांचा फोन आला. साहेबांनी तो स्पीकरवर टाकून तिला दरडावलं, "कधी सुरू होणार? बोल!"

"वीस," हर्षला म्हणाली.

"वीस काय? मिनिटं, तास, की दिवस? नीट सांगता येत नाही?"

"नुसता आकडा ज्याला कळत नाही, त्यानं इथे कामच करू नये, असा नियम आहे ना साहेब?"

फोनमधून अध्यक्षांचा आवाज आला, "हा नियम कोणी काढला?"