मुंगळा आणि आजोबांची कवळी

त्या दिवशी थंडी होती. फार थंडी. कौलांवर दंव. अंगणात धुकं. ऊन काही येईना.

मुंगळा आला. तुरुतुरु, तुरुतुरु.

धोंडूआजोबा रोज कडक भाकरी चावायचे. कुडुम कुडुम. एक कण खाली पडायचा. तो कण मुंगळ्याचा, बरं का!

आज कण नाही. इकडे नाही. तिकडे नाही. पाटाखाली नाही.

"आजोबा, आजोबा, माझा कण?"

आजोबा हसले. तोंडाचं नुसतं बोळकं!

"माझे दात वाटीत आहेत, बाळा. कवळी बसेल तर चावेन. नाहीतर दुधात कुस्करेन."

अरे बापरे! भाकरी दुधात कुस्करली, की कण कुठला? मुंगळा पळाला. तुरुतुरु.

"कवळी गं कवळी, तोंडात बस. आजोबा चावेनात, कण पडेना!"

कवळी वाटीत खुळखुळली.

"अशी कशी बसू? रात्रीची खरकटी मी. ब्रश घासेल तर बसेन."

"ब्रश रे ब्रश, कवळी घास. कवळी बसेना, आजोबा चावेनात, कण पडेना!"

"कोरडाच घासू? ओरखडे येतील तिला. पाणी भिजवेल तर घासेन."

पाणी चुलीवर. रटरट, रटरट.

"पाण्या रे पाण्या, ब्रश भिजव. ब्रश घासेना, कवळी बसेना, आजोबा चावेनात, कण पडेना!"

"मी किती कढत! कवळी वाकडी होईल ना! वारा फुंकेल तर निवेन."

तिकडे आजोबांनी दुधाचं भांडं जवळ ओढलं. पळ मुंगळ्या, पळ!

"वाऱ्या रे वाऱ्या, फुंकर घाल. पाणी निवेना, ब्रश घासेना, कवळी बसेना, आजोबा चावेनात, कण पडेना!"

वारा बाहेरूनच बोलला. सूंऽऽ सूंऽऽ.

"आत येऊ कुठून? खिडकी उघडेल तर येईन."

"खिडकी गं खिडकी, उघड ना. वारा येईना, पाणी निवेना, ब्रश घासेना, कवळी बसेना, आजोबा चावेनात, कण पडेना!"

"कशी उघडू? बोका टेकून झोपलाय. तो उठेल तर उघडेन."

आजोबांनी भाकरी मोडली. पळ मुंगळ्या, पळ!

"बोकोबा, ओ बोकोबा, उठा ना. खिडकी उघडेना, वारा येईना, पाणी निवेना, ब्रश घासेना, कवळी बसेना, आजोबा चावेनात, कण पडेना!"

बोक्यानं एकच डोळा उघडला.

"चल, हट्! गोधडी किती ऊबदार आहे. तुझ्या कणाचं मला काय?"

मुंगळ्याला धाप लागली.

"बरं, झोपा. आजोबा भाकरी दुधात कुस्करतायत. सगळं दूध तेच पिणार."

"काय? माझं दूध?"

बोका उठला. ताडकन!

खिडकी उघडली. धाडकन! वारा आला. सूंऽऽ! पाणी निवलं. ब्रश भिजला. आजोबांनी खाली पाण्याचं घमेलं ठेवलं, निसटली तरी कवळी फुटायला नको. ब्रशनं घासलं. घस घस, वरून घस, आतून घस. कवळी चकचकली. तोंडात बसली. खट्ट!

आजोबांना भूक लागलेली. कुडुम! कुडुम! कुडुम!

कण पडला. टप्प! मुंगळ्यानं उचलला. बोक्याला दूध मिळालं. लप लप लप.

आजोबांचं चावणं काही थांबेना. कुडुम! कुडुम!

तेवढ्यात शेजारच्या सगुणाकाकू भिंतीपलीकडून ओरडल्या, "अहो भाऊजी, भाकरी खाताय, की भिंत पाडताय?"