दुसरा डराव

फार मागे एका तळ्यातल्या बेडकांची रीत होती. एकदा ‘डराव’ म्हणजे होय, दोनदा म्हणजे नाही. पुढे रानोरानी लढाई पेटली. म्होरक्या म्हणाला, “आवाजानं शत्रूला सुगावा लागतो. लढाई संपेपर्यंत प्रत्येकानं एकदाच ओरडायचं.” म्हाताऱ्या गोदाक्कालाही ते पटलं.

मग म्होरक्या विचारी ते सगळं मंजूर होत गेलं. गोदाक्काची पोरंही अशीच लढाईवर धाडली गेली. एकही परतलं नाही.

अखेर लढाई संपली. म्होरक्यानं विचारलं, “हा नियम कायमचा ठेवायचा ना?”

गोदाक्का एकदा ओरडली. दुसऱ्यांदा तोंड उघडणार, तोच शेजाऱ्यानं ते घट्ट दाबून धरलं. “अक्का, नियम अजून उठवलेला नाही,” तो कळवळून म्हणाला.

“गोदाक्काचाही होकार आला,” म्होरक्या म्हणाला.