टाकीवरचं नाव

“नाव कुणी झाकलं, बाबा?”

हेमराज वासेकर जीपमधून उतरला तो थेट टाकीपुढे येऊन उभा राहिला. दरवेळी आधी बाबांच्या पायावर डोकं ठेवायचा, आज तेही नाही.

गुलाबशा बाबा कडुलिंबाखाली बसून गोणपाट शिवत होते. त्यांनी सुई थांबवली नाही.

“मी झाकलं.”

जंगलातल्या रस्त्याच्या फाट्यावर या फकिराचं खोपटं होतं. आसपास कोसभर तरी पाण्याचा थेंब नव्हता. हेमराजची तिकडे गावात भातगिरणी. माणूस मोठा तालेवार, कुणापुढे वाकणारा नव्हे. पण गेल्या उन्हाळ्यात त्याचा एकुलता एक मुलगा गेला आणि तेव्हापासून तो दर अमावास्येला बाबांकडे येऊन बसू लागला.

एकदा त्यानं विचारलं होतं, “पोरासाठी काय करू, बाबा?”

बाबा एवढंच म्हणाले होते, “पाणी ठेव.”

हेमराजनं लोखंडाची भली मोठी टाकी बसवली. तिच्यावर हातभर उंचीची लाल अक्षरं रंगवून घेतली... सारंग. ती लांबून, रस्त्याच्या वळणावरूनच दिसायची. पाणी गिरणीच्या टँकरनं यायचं. बाकीचं बाबा बघायचे. आत उतरून घासायचे, तळाचा गाळ उपसायचे, शेवाळ धरू द्यायचे नाहीत.

आज त्या टाकीला चहूबाजूंनी भाताची वाळकी तणस बांधली होती. तिच्यावर गोणपाट, गोणपाटावर शेणमातीचा जाड लेप आणि वरून चुना.

लाल रंगाचा ठिपकासुद्धा कुठं दिसत नव्हता.

“लोखंड तापतं,” बाबा म्हणाले. “पाणी कढत होतं. लोक नळ सोडतात आणि तसेच पुढं जातात.”

“मग वर छप्पर घालून देतो. उद्याच्या उद्या. पण हे काढा.”

“छपरानं भागत नाही. उन्ह तिरपं येतं.”

“बाबा... माझ्या पोराचं नाव आहे ते.”

बाबा उठले. खोपटातून विळा आणून त्यांनी हेमराजच्या हातात दिला.

“काढ.”

हेमराजला वाटलं, बाबा रागावले. त्यानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं राग नव्हता.

त्यानं सुतळ्या कापल्या. लेपाचे पोपडे खाली पडले, तणस घसरली. संध्याकाळच्या उजेडात अक्षरं पुन्हा लाल दिसू लागली. हेमराजनं धोतराच्या सोग्यानं ती पुसली आणि त्या रात्री तो घरी गेलाच नाही. तिथंच आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढली. वैशाखातलं ऊन... रस्त्यावरचं डांबर पाघळायला लागलं. टाकीत पाणी निम्म्याच्याही खाली होतं. कडुलिंबाच्या सावलीत बसून हेमराज नावाकडे बघत होता.

भर दुपारी एक बाई आली. डोक्यावर तेंदूपत्त्याचा भारा, हातात रिकामी बाटली. भारा उतरवून तिनं नळ सोडला आणि झटक्यात हात मागं घेतला.

“अगा बाई! तपलं जी पाणी.”

थोडा वेळ तिनं नळ तसाच वाहू दिला. पुन्हा बोट लावून पाहिलं. मग नळ बंद केला आणि भारा उचलू लागली.

“थांब, माय,” बाबा म्हणाले.

त्यांनी खोपटातला माठ आणला आणि तिच्या बाटलीत उपडा केला. बाटली गळ्यापर्यंतही भरली नाही. बाई उभ्याउभ्याच अर्धं प्याली, उरलेल्या पाण्याची बाटली पदरात गुंडाळून घेतली आणि भारा डोक्यावर घेऊन चालू लागली. पांढऱ्या फटक उन्हात तिची आकृती बारीक बारीक होत गेली...

बाबांनी नळाखाली ओंजळ धरली. चटका बसला तशी बोटं आखडली, पण ओंजळ सुटली नाही. फुंकर घालत, घोट घोट करत ते पाणी प्याले.

हेमराजला ते बघवेना.

“बाबा, तुम्ही कधी विचारलं नाहीत... सारंग कसा गेला ते.”

बाबांनी नळ बंद केला.

“आमचा ट्रक घाटाखाली बंद पडला होता. मी म्हटलं, जा, बघून ये. बारा वाजले होते. तो म्हणाला, जेवून जातो. मी ओरडलो... तसाच निघाला. मोटरसायकलही वाटेत बंद पडली असावी, ती ढकलत चालला होता. सापडला तेव्हा बाटली हातातच होती. पाणी होतं तिच्यात. पण असं... असंच कढत.”





हेमराज उठला. पसरलेली तणस त्यानं गोळा केली. बाबांनी माती भिजवली. दोघांनी मिळून एका कडेनं टाकीला तणस गुंडाळायला, गोणपाट आवळायला सुरुवात केली. जेवढं बांधून होई, तेवढ्यावर हेमराज गुडघ्यांवर बसून लेप थापत होता. एका बाजूनं नाव झाकत चाललं. ‘सा’ गेला. ‘रं’ गेला.

‘ग’पाशी त्याचा हात अडला.

माती बोटांमधून गळत राहिली. त्यानं कपाळ तापल्या लोखंडाला टेकवलं, चटका बसला तरी हलला नाही.

“बाबा,” तो पुटपुटला, “एवढं एक अक्षर उघडं राहू द्या. फक्त एवढंच...”

बाबा त्याच्याजवळ बसले. त्यांनी त्याच्या पाठीवर ओला हात ठेवला.

“आणि त्याला ऊन लागलं तर?”