दुकानाच्या उंबऱ्यातला गालिचा

एकदा एक नवी सून सकाळच्या प्रहरी आपल्या जुन्या शिक्षिकेच्या घरी आली आणि चप्पल काढून खुर्चीवर टेकली.

या शिक्षिकेला सारा गाव ‘बाई’ म्हणे. निवृत्तीला बराच काळ लोटला होता, तरी अडलेली माणसं अजून त्यांच्याकडे येत. कारण बाई सल्ल्याच्या आधी चहा देत आणि अनेकांचं काम तेवढ्यावरच भागत असे. हिचं मात्र चहा संपला तरी भागलं नाही.

“बाई, मला एक गालिचा निवडून द्या,” ती म्हणाली. “धुता येईल असा.”

“घरात गालिचा नाही?”

“आहे. म्हणून तर.”

हकिगत अशी होती. तिच्या आईने रुखवतात, साखरेच्या तुळशीवृंदावनाशेजारी, एक लोकरी गालिचा मांडला होता. दुधावरच्या सायीच्या रंगाचा. विहीणबाईंचा मान म्हणून सासूबाईंनी तो दिवाणखान्याच्या मधोमध अंथरला. त्या घरात जावेची दोन मुलं होती, ढब्बू नावाचा म्हातारा कुत्रा होता आणि स्वतःला घरमालक समजणारी एक मांजर होती. गालिचा पडला त्या दिवसापासून सारं कुटुंब भिंतीच्या कडेकडेने चालू लागलं. मुलांना कुणी रागावलं नाही, फक्त सांगितलं, “काकूचा आहे हं तो.” मांजर तेवढी खुशाल मधून जाई, तिला व्याह्यांच्या मानापानाशी काय देणंघेणं? ढब्बूची मात्र रवानगी गॅलरीत झाली. तिथे तो बांधलेल्या जागेवरून दिवसभर जाळीतून आत पाहत बसे. आणि नवी सून सकाळ-संध्याकाळ ब्रश घेऊन त्या गालिच्यावरचे मांजरीचे केस वाकून वेचत असे.

“तुझी आई काय म्हणते?”

“आई व्हिडिओ कॉलवर म्हणते, तुझं तोंड दिसतंय, फोन जरा खाली कर, गालिचा दिसू दे.”

बाई हसल्या. ती हसली नाही.

“काल जेवताना मामंजी म्हणाले, ढब्बूला रविवारी भाच्याच्या शेतावर सोडून येऊ. नवी मुलगी आहे, तिला किती म्हणून त्रास द्यायचा.” तिने रिकामा कप बाजूला सारला. “जुई, माझी पुतणी, रडलीसुद्धा नाही. रोज माझ्या शेजारी जेवते. ताट उचलून आजीच्या पलीकडे जाऊन बसली.”

“मग तू काय म्हणालीस?”

“मी विचारलं, पोळी वाढू का.”

बाईंनी पिशवी घेतली आणि दोघी बाजारात गेल्या.

गालिच्यांचा व्यापारी मोठा अगत्यशील होता. त्याने गुंडाळ्या उलगडायला सुरुवात केली ती थांबेना. प्रत्येक गालिचा धुता येत होता, प्रत्येकाचा रंग पक्का होता आणि प्रत्येक गालिचा त्याच्या स्वतःच्या घरी होता.

“तुमचं घर आहे तरी केवढं?” बाईंनी विचारलं.

“आजी, बोलायची पद्धत असते.” त्याने आणखी एक उलगडला. “कुत्रा आहे म्हणताय ना? मग हा घ्या, नख अडकत नाही. लहान मुलं असतील तर मात्र तो, मऊ आहे.”

“दोन्ही आहेत.”

“मग दोन्ही घ्या.”

शिष्येने एका फिक्या निळ्या गालिच्यावरून हात फिरवला. सुंदर होता. तिच्या मनात लगेच आलं की यावरही केस दिसतील, आणि तिचा हात आपोआप मागे आला.

“धुतल्यावर अगदी आत्तासारखाच दिसेल,” व्यापारी म्हणाला.

“यातला एखादा धुतलेला दाखवा,” बाई म्हणाल्या.

“आजी, धुतलेला माल कोण दुकानात ठेवतं?”

तेव्हा बाई उठल्या, दरवाजापर्यंत चालत गेल्या आणि खाली वाकल्या. उंबऱ्याच्या आत एक सुती गालिचा पडलेला होता. पातळ, तांबड्या-निळ्या पट्ट्यांचा. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याच्यावर पाय पुसून आत येत होतं. बाईंनी त्याचं एक टोक उचललं, उलटं करून पाहिलं, नखाने खरवडलं.

“हा?”

“तो विकायचा नाही हो. पायपुसणं आहे ते.”

“धुता कधी?”

“सुटी असली की घरी नेतो. आमची ही मशीनमध्ये टाकते, दुपारपर्यंत वाळतो. त्याला काय होतंय? वर्षं झाली.”

“हाच द्या.”

शिष्येला दुकानातल्या सगळ्या गुंडाळ्यांमागे लपावंसं वाटलं. व्यापाऱ्यालाही अवघडल्यासारखं झालं. “आजी, याच जातीचा कोरा आहे आत. काढून देतो ना.”

“कोरासुद्धा द्या. एक दोरीवर वाळत असला की दुसरा जमिनीवर लागतो. पण आधी हा हवा.”

व्यापाऱ्याने पुष्कळ विनवलं. शेवटी त्याने पायपुसणं झटकून गुंडाळून दिलं आणि हळूच म्हणाला, “बरं, न्या. फक्त कुणाकडून घेतला ते सांगू नका.”

परतताना शिष्या पिशवी अंगापासून लांब धरून चालली. सासरी पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने काही खरेदी करून न्यायचं, आणि ते काय, तर लोकांनी पाय पुसलेलं फडकं. बाईंचं आता वय झालं, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

घरी आल्यावर बाईंनी न्हाणीघरात बादली भरली, गालिचा साबणात बुडवला आणि दोघींनी दोन टोकं धरून तो पिळला. तांबडा रंग उतरला नाही. भिजूनही गालिचा इतका हलका होता की बाईंनी तो एकटीने गच्चीवर नेला. दोरीवर पसरल्यावर एका कोपऱ्यात चहाचा जुना डाग तेवढा दिसत राहिला. शिष्या ब्रश आणायला वळली.

“राहू दे तो,” बाई म्हणाल्या. “त्या डागासाठीच आणलाय.”

मग त्या कठड्याला टेकल्या. दम लागला होता.

“दुकानातल्या बाकी साऱ्यांनी आपल्याला त्यांचा पहिला दिवस दाखवला. नंतरचे दिवस दाखवणारा तेवढा हा होता. धुऊन कसा निघतो ते आपण आत्ता पाहिलं, त्यामुळे कापड कोणतं घ्यायचं हे ठरलं. पण मी फक्त कोरा घेऊन दिला असता, तर तुझ्या घरी काय झालं असतं? काकूचा नवा गालिचा म्हणून सगळे पुन्हा भिंतीच्या कडेने चालले असते. तो धुता येतो याला काय अर्थ, त्यावर कुणी पायच ठेवणार नसेल तर?” बाईंनी पदराला हात पुसले. “आणि बाळ, ती माणसं गालिच्याला वळसा घालत नाहीत गं. तुला घालतात. तू त्या घरात अजून पहिल्याच दिवसाची आहेस. काही झालं की पोळी वाढू का विचारतेस. तुझ्यावर एक डाग तू पडू दिला नाहीस, म्हणून तुझ्याजवळ कसं बसायचं हे त्यांना कळत नाही. डाग नकोच असं ठरलं की घरातून एकेक जण बाहेर जायला लागतो. आज कुत्रा चाललाय.”

दोरीवरून पाणी ठिबकत होतं. शिष्येने डागाच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आली ती फक्त जांभई.

“आणि आईचा गालिचा?”

“गुंडाळून माळ्यावर. आईला सांग, जपून ठेवलाय. खोटं नाही.”

दुपारच्या चहाला सारे दिवाणखान्यात, म्हणजे त्याच्या कडेला, बसले होते. ती वाळलेला पट्ट्यांचा गालिचा काखेत घेऊन आत आली. कुणी काही विचारण्याच्या आत तिने तो सायीच्या रंगाचा गालिचा गुंडाळायला घेतला आणि गुंडाळता गुंडाळताच सासूबाईंना म्हणाली, “आई, हा सांभाळून सांभाळून मला कंटाळा आलाय.”

सासूबाईंनी कप खाली ठेवला.

“मग बोलायचं नाही का? तुझं लग्न झाल्यापासून मी टीव्ही तिरका बघतेय. मान धरली माझी.”

“आणि मामंजी, ढब्बूला नका पाठवू. मला त्याचा त्रास नाही. मी आधी बोलायला हवं होतं.”

मामंजींनी तिच्याकडे पाहिलं, मग गॅलरीकडे. “भाच्याला कळवतो,” ते एवढंच म्हणाले आणि स्वतः उठून साखळी सोडायला गेले.

तिने पट्ट्यांचा गालिचा मधोमध अंथरला, तोवर ढब्बू आत आला. तो गालिचा त्याने टोकापासून टोकापर्यंत हुंगला, अज्ञात पायांचा तो सारा इतिहास त्याला फारच पसंत पडलेला दिसला, आणि मग स्वतःभोवती फिरून तो मधोमध बसला. ती त्याच्या शेजारी टेकली. लग्न झाल्यापासून या खोलीत ती प्रथमच खाली बसली होती. बसल्यावर तिला समजलं की आपली पाठ किती दिवस दुखते आहे. ती तशीच आडवी झाली.

तिने डोळे मिटले. कपबशा वाजल्या, टीव्ही सुरू झाला; आवाज कुणी कमी केला नाही. मग लहान पावलं धावत आली, भिंतीच्या कडेने न जाता सरळ मधून, आणि तिच्या पोटावरून पलीकडे गेली.

“जुई, ओलांडलंस ना काकूला?” सासूबाईंचा आवाज आला. “उलटी ये परत. उंची खुंटते तिची.”

“आता काकूची उंची कुठे वाढणारे, आजी?”

“तरी उलटी ये.”

जुई उलटी आली. येताना तिचा पाय काकूच्या वेणीवर पडला. काकूने वेणी सोडवून घेतली नाही.