ठकूबाईचं इकडचं तिकडे

एक होता राजा आणि त्याला होती एक खोड. माणूस दिसला की विचारायचा, "तुम्ही काय करता?" देवळात गेला की पुजाऱ्याला विचारायचा. अंघोळीला बसला की पाणी घालणाऱ्याला विचारायचा. अरे, पाणी घालतोय ना तो! दिसतंय की! पण नाही. उत्तर कानांनी ऐकल्याशिवाय राजाला घास गोड लागत नसे.

मग एकदा काय झालं, राजाच्या मनात आलं, रोज रोज विचारत कुठे बसू? त्याने दवंडी पिटवली. ज्याने त्याने आपल्या दारावर पाटी लावायची आणि आपण काय करतो ते पाटीवर लिहायचं. मग काय विचारता! आठ दिवसांत सगळं नगर पाट्यांनी भरून गेलं. कुंभाराने लिहिलं, 'मडकी'. शिंप्याने लिहिलं, 'अंगरखे'. एका घरजावयाने नुसतंच लिहिलं, 'जावई'. राजाला तेही चाललं, बरं का. पाटी होती ना!

फक्त एका दारावर पाटी नव्हती. ते दार होतं ठकूबाईचं.

ठकूबाई एकटीच होती. नदीकडच्या आळीत दोन खणांचं घर, दारात तुळस. सकाळी न्हाऊन तुळशीला पाणी घालायची, देवापाशी दिवा लावायची आणि बाहेर पडायची, ती दिवस कलताना परत. कुणी विचारलं, "ठकूबाई, काय करता हो तुम्ही?" तर पदर सावरून म्हणायची, "काही नाही हो, आपलं इकडचं तिकडे."

आता ती काय करायची ते मी सांगते. न सांगण्याचा वसा तिचा होता, माझा नाही, म्हणून मला सांगता येतं.

माणसाला माणसाची आठवण येते की नाही? आई भाकरी थापता थापता थांबते. माझी लेक जेवली असेल का गं, असं तिच्या मनात येतं आणि तोंडून एक सुस्कारा निघतो. त्या सुस्काऱ्याबरोबर उंबऱ्यावर एक दाणा पडतो. जोंधळ्याएवढा, कोमट. तुम्हा-आम्हाला दिसत नाही. ठकूबाईला दिसायचा. ती तो टिपायची, पदराला गाठ मारून ठेवायची आणि ज्याची आठवण निघाली त्याच्या घरी जाऊन पाण्याच्या माठात हळूच टाकायची. गाव कितीही लांब असू दे, ठकूबाईची तीन पावलं की पोचली. वशाची पुण्याई ती! मग त्या माणसाने पाणी प्यायलं की लागली उचकी. मामाने आठवण काढली का? आत्याने? आईने? बरोबर नाव आलं की उचकी थांबली. मग तो माणूस गालातल्या गालात हसायचा. तेवढं हसू बघून ठकूबाई परत फिरायची.

हा वसा तिला सासूने दिला होता. सासू म्हणाली होती, "ठकू, कुणी विचारलं तरी सांगायचं नाही. ज्या दिवशी सांगशील, त्या दिवसापासून तुला दाणे दिसायचे नाहीत. मग लोकांच्या आठवणी उंबऱ्यातच पडून राहतील." ठकूबाईने देवासमोर हात जोडले होते आणि सासूच्या पायांवर डोकं ठेवलं होतं.

मग पहिल्यांदा आला कोतवाल. काठी आपटत आला.

"नाव काय तुझं?"

"ठकू."

"नावच ठकू! मग धंदाही ठकवायचाच असणार."

"नाव आईने ठेवलंय. ती देवाघरी गेली. जा, विचारून या."

आळीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. कोतवालाने रागारागाने तिला विहीर बंद केली. ठकूबाई कळशी घेऊन नदीवर जाऊ लागली.

मग दुसऱ्यांदा आला प्रधान. हा मोठा गोडबोल्या.

"अहो ठकूताई, एवढं काय मनाला लावून घेता? काहीतरी लिहा, नाहीतर घरही जाईल. शेवया लिहा. खोटं का असेना, कोण बघायला येतंय?"

ठकूबाई विचारात पडली, बरं का. एक शब्द लिहिला की विहीर मिळेल, घर राहील, वसाही राहील. ती दिव्यासमोर बसली आणि मनातल्या मनात म्हणून बघितलं, 'मी शेवया करते.' पण जीभ कशी जड झाली. सासूने गप्प राहायला सांगितलं होतं, खोटं बोलायला नाही. तिने बाहेर येऊन सांगितलं, "प्रधानजी, मला शेवया येत नाहीत. खोटं बोलायलाही येत नाही. गप्प राहायला येतं, तेवढं राहते."

मग तिसऱ्यांदा राजाने तिला दरबारातच बोलावलं. सगळा दरबार भरलेला. ठकूबाई मधोमध उभी.

"तू काय करतेस?"

"इकडचं तिकडे करते."

"इकडचं म्हणजे काय?"

"इकडे असतं ते."

"आणि तिकडे म्हणजे कुठे?"

"जिथे नसतं तिथे."

राजाचा चेहरा तांबडालाल झाला. "आम्ही राजे आहोत!"

"आहात की. मी कुठे विचारलं, तुम्ही काय करता म्हणून?"

अगंबाई! राजाने फर्मावलं, "हिला आत्ताच्या आत्ता नदीपार करा! आणि परत नगरात पाऊल टाकू देऊ नका!"

ठकूबाईने देव घेतले, तुळशीची एक फांदी घेतली आणि नावेत जाऊन बसली. मागे वळून बघितलं नाही. पण वाईट वाटत होतं हो. घर गेलं याचं नाही. उंबऱ्यावरचे दाणे आता कोण टिपणार, याचं.

नदीपार करंजाची झाडं होती. तिथे आधीच दोघं राहत होती. एक धोंडूतात्या. काय करता विचारलं की म्हणायचे, "चाललंय आपलं." दुसरी अंबू. ती म्हणायची, "असंच, थोडंफार." धड उत्तर दिलं नाही म्हणून राजाने त्यांना पाट्यांच्या आधीच घालवलेलं. ते खरंच काय करायचे? मला ठाऊक नाही. तिथे कुणी कुणाला विचारत नसे. ठकूबाई उतरली तशी अंबू म्हणाली, "या हो मावशी, भाकरी गरम आहे." झालं, एवढीच चौकशी.

इकडे नगरात काय झालं? रोज केर निघायचा आणि केराबरोबर दाणेही निघायचे. केर नदीत पडायचा. मग ठकूबाई सकाळी गुडघाभर पाण्यात उभी राहायची आणि पदर पसरून वाहत आलेले दाणे धरायची. पलीकडून पहारेकरी ओरडायचा, "ए म्हातारे, काय धरतेस गं?"

"तुला काय करायचंय? तू आपला भाला धर!"

दाणे ती पोचवायची, रोज पोचवायची. पण ते भिजलेले. आणि भिजलेल्या दाण्याची उचकी लागत नाही, बाळांनो. माणूस पाणी पितो आणि त्याचे डोळे उगाच भरून येतात. कुणी आठवण काढली ते कळतच नाही. गावोगावची माणसं डोळे पुसायची आणि म्हणायची, "आपल्याला सगळे विसरले वाटतं." ठकूबाई ते बघायची आणि मान खाली घालून परत यायची.

आता त्या राजाला एक लेक होती. केतकी तिचं नाव. लांबच्या राज्यात दिलेली. रोज दुपारी जेवताना तिला उचकी लागायची. ती म्हणायची "बाबा", की थांबायची. दोन महिने झाले, उचकी नाही. नुसते डोळे भरून येतात. मग तिने निरोप धाडला, 'बाबा, तुम्ही मला विसरलात. यंदा मी नागपंचमीला माहेरी येत नाही.'

राजाच्या हातातला घास हातातच राहिला. "विसरलो? अरे, मी रोज तिचं नाव घेऊन पहिला घास घेतो!"

मग राजाने पत्र धाडलं. केतकी म्हणाली, "अक्षर कारकुनाचं आहे." मग त्याने हिरवीगार साडी धाडली. केतकी म्हणाली, "भांडारातून कुणीतरी काढून दिली असेल." मग त्याने वाजंत्री धाडले, दारात उभं राहून सनई वाजवा म्हणाला. केतकीने त्यांना पोटभर जेवायला घातलं आणि परत पाठवलं. "तुम्हाला धाडलंय," ती म्हणाली. "पण आठवण काढल्याचं मला आतून कळलं नाही."

राजा डोक्याला हात लावून बसला. तेव्हा राणी म्हणाली, "त्या नदीपारच्या बाईला घालवल्यापासून या नगरात कुणालाच उचकी लागलेली नाही. तुमच्या ध्यानात आलंय का?"

राजा ताडकन उठला. नावेत बसला आणि निघाला. पण निघताना काय केलं? सोन्याची पाटी करून घेतली! तिच्यावर लिहिलं, 'ठकूबाई, उचक्या.' खोड, दुसरं काय.

ठकूबाई पाण्यातून बाहेर येत होती. लुगडं ओलं, पाय चिखलाने भरलेले.

"ही घे तुझी पाटी," राजा म्हणाला. "मला सगळं कळलंय. तू फक्त हो म्हण. उद्यापासून तू माझ्या दरबारात. रोज सकाळी सगळ्या प्रजेला माझ्या नावाची उचकी लागली पाहिजे! आणि शेजारच्या राजाला तर अशी लागू दे, की त्याला बोलताच येऊ नये!"

ठकूबाईने त्याच्याकडे बघितलं. सासूने का बजावलं होतं, ते तिला आज पुरतं कळलं.

"ही पाटी माझी नाही," ती म्हणाली. "मी इकडचं तिकडे करते. परत घेऊन जा. लाकडाची असती तर चुलीला तरी झाली असती."

बरोबरचे शिपाई पुढे सरसावले. धोंडूतात्या आणि अंबू येऊन ठकूबाईच्या दोन बाजूंना उभे राहिले. राजाने शिपायांना हात करून थांबवलं. पाटी खाली ठेवली आणि तो वाळूतच बसला.

"माझी केतकी," तो म्हणाला, "लहान होती ना, तेव्हा माझ्या ताटातली मऊ खिचडी खायची. आता मी ताटावर बसतो, आणि..." एक सुस्कारा निघाला.

आणि ठकूबाईला काय दिसलं? राजाच्या पायाशी वाळूत एक दाणा. कोरडा. कोमट. दोन महिन्यांतला पहिला कोरडा दाणा! ती वाकली. दाणा टिपला. पदराला गाठ मारली.

"काय उचल..." राजा म्हणाला. ठकूबाईने नुसतं बघितलं. राजाने ओठ मिटले.

"मी नगरात येईन," ठकूबाई म्हणाली. "पण एकटी नाही. या दोघांना घेऊन येईन. आणि यापुढे कुणी, काय करता म्हणून, आम्हाला विचारायचं नाही. सांगायचं त्याने सांगावं, नसेल सांगायचं त्याला सुखाने राहू द्यावं. कबूल?"

राजा म्हणाला, "कबूल. पण तू नक्की..." आणि थांबला. मग म्हणाला, "बरं, निदान हे धोंडूतात्या तरी..." आणि परत थांबला. तिसऱ्यांदा प्रश्न अगदी जिभेच्या टोकावर आला. राजाने डोळे मिटले आणि औषधाच्या काढ्यासारखा तो गिळून टाकला.

"नाही विचारणार," तो मोठ्याने म्हणाला. नावाड्यांनी ऐकलं, शिपायांनी ऐकलं. "कुणालाच नाही विचारणार."

मग ठकूबाईने देवाचं नाव घेतलं आणि तीन पावलं टाकली.

त्या दुपारी केतकी पानावर बसली होती. पाण्याचा घोट घेतला आणि लागली उचकी! "सासूबाई?" सासूबाई तर समोरच वाढत होत्या. "मावशी? आई?" थांबेना. मग केतकीचा आवाजच बारीक झाला. "बाबा?"

थांबली!

केतकीने हात धुतला आणि म्हणाली, "गाडी जुंपा." नागपंचमीला ती माहेरी होती. हातभर बांगड्या, झाडाला झोका, आणि बाबांच्या ताटातली मऊ खिचडी.

धोंडूतात्या आणि अंबू आपापल्या घरी गेले. ठकूबाईने तुळशीची फांदी पुन्हा दारात लावली, ती चार दिवसांत टरारून फुटली. विहीर मोकळी झाली. ज्यांना पाट्या आवडायच्या त्यांनी ठेवल्या, बाकीच्यांनी काढल्या. राजाची खोड मात्र एकदम जाईना हो. माणूस दिसला की तोंड उघडायचं, "तुम्ही..." आणि मग घाईघाईने म्हणायचा, "तुम्ही जेवलात का?"

एकदा सकाळी वेशीत ठकूबाई भेटली.

"ठकूबाई, जेवलीस का?"

"अजून नाही, महाराज. आल्यावर जेवते."

आल्यावर म्हणजे कुठून, ते राजाने विचारलं नाही. बाजूला झाला आणि वाट दिली.

मग सगळे सुखाने राहिले. देवाने त्यांचं जसं गोड केलं, तसं तुमचंही करो. चला, पाय आत घ्या, पांघरूण ओढा. आता हूं म्हणायचीही गरज नाही. निजा.